चुलीमागची गोरी भिंत

[दृश्य : खिडकीतून येणारं सकाळचं ऊन. एका म्हाताऱ्या हाताची करंगळी, तिच्या टोकाला काजळ.]

ही चूल जेमतेम दीड इंचाची आहे. तिच्यामागच्या भिंतीवर आत्याची करंगळी खालून वर सरकते, मध्येच थांबते आणि हलकेच बाजूला पसरते. आत्या मागे सरकून डोळे बारीक करून पाहते. मग पदराचं टोक ओलं करून त्यातलं निम्मं काजळ पुसून टाकते.

"इतकी काळी नव्हती," ती म्हणते. "दर दिवाळीले माय पोतारा फिरवे. दिवाळीचा पांढरा आन् श्रावणातला काळा, याच्या मंधातली पायजे."

ही आमच्या जुन्या घराची छोटी प्रतिकृती आहे. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात ते खरं घर उभं होतं. अठ्ठेचाळीस फूट लांब, छत्तीस फूट रुंद, मातीच्या दीड फुटी भिंती, सागवानाचे खांब, वर देशी कवेलू, म्हणजे मातीची कौलं. भावाभावांत वाटण्या झाल्या, भिंती उतरवल्या, आणि मयाली (मोठ्या तुळया), कड्या, खांब एका दिवसात ट्रकमध्ये चढले. जुन्या सागवानाला चांगला भाव येतो. त्या जागेवर आता सिमेंटची तीन घरं आहेत आणि त्यांत आमचीच माणसं सुखानं राहतात. घर पाडलं याबद्दल मला कुणाला बोल लावायचा नाही. पण माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, यांनी त्या दिवशी ट्रकमधून एक चौकट मागे ओढून घेतली. देवघराच्या दाराची. तेवढीच.

[दृश्य : ती चौकट. तिच्या एका बाजूचं लाकूड कापून नेलेलं.]

या छोट्या घरातलं सगळं लाकूड त्या एका चौकटीतून निघालंय. मोठेबाबांनी सुतारकीत हयात घालवली. मीटर-सेंटिमीटर त्यांना येतात, पण हात चालतो तो फूट, इंच आणि सुतावर. आठ सुतांचा एक इंच. त्यांनी ठरवलं, एका फुटाला एक इंच. दीड फुटाची भिंत दीड इंचाची, आठ फुटांचा खांब आठ इंचांचा, नऊ इंचांचं कवेलू सहा सुतांचं. जगभरात बाहुल्यांची घरं करणारे हेच बारास एक प्रमाण जास्त करून वापरतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हातातल्या पट्टीनंच ते त्यांना सुचवलं.

कवेलूचीच गोष्ट घ्या. कुंभाराकडून कमावलेली माती आणायची, कापडातून गाळायची, पोळीसारखी लाटायची, पेन्सिलवर वळवायची आणि सुकली की कापायची. मग मडक्यात भरून कुंभाराच्या आव्यात, त्याच्या माठांच्या मधोमध ठेवायची. पहिल्या खेपेला निम्मी तडकली. दुसऱ्या खेपेला थोडी राख मिसळली तेव्हा टिकली. सहा हजारांच्या वर कवेलू आहेत या छपरावर, आणि एकही चिकटवलेलं नाही. खऱ्यासारखं एकावर एक बसवलंय. कवेलूचं छप्पर दरसाल फेरावं, म्हणजे उतरवून पुन्हा बसवावं लागतं, मग हेही फेरता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

भिंतींनी मात्र फार छळलं. खरी माती घेतली तर तिला खऱ्या भेगा पडतात, आणि दीड इंचाच्या भिंतीत खरी भेग म्हणजे भूकंपच. शेणानं सारवलं तर शेणातली एकेक काडी बल्लीएवढी दिसायची. मोठेबाबा सेवाग्रामला गेले ते याच काळात. 1936 साली गांधीजी ज्या गावात राहायला आले, तिथली बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलूचीच. मीराबेननं तिच्या भिंतीवर मातीचेच उठावदार ताडवृक्ष आणि चरखा काढलेत. मोठेबाबा चित्रं पाहत नव्हते. भिंत जमिनीला भिडते तिथे माती कशी वळते, ते पाहत बसले होते. ती कोपऱ्यात मोडत नाही, हाताच्या तळव्यासारखी गोल उतरते. घरी येऊन त्यांनी सगळे कोपरे पुन्हा केले, चमचा उलटा धरून.

अशी अकरा वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात घर "झालं". सपरी (ओसरी) झाली, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, गोठा, मागे सांदवाडी. दारं उघडत होती, कड्या लागत होत्या. मी कॅमेरा घेऊन आलो तो पूर्ण झालेलं घर टिपायला. आणि त्याच आठवड्यात आत्या माहेरपणाला आली.

[दृश्य : आत्या घराभोवती फिरतेय. आवाज फक्त पंख्याचा.]

दोन फेऱ्या मारून ती बाजेवर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊ, चुलीमांगची भीत एवढी गोरी काऊन?"

मोठेबाबांना उत्तर देता येईना.

"इथं कोणी राह्यलंच नाई, बाप्पा. इथं कोणी रांधलं नाई."

मला त्या क्षणी तिचा राग आला होता, हे कबूल करतो. अकरा वर्षांच्या कामावर एका वाक्यात पाणी. पण मोठेबाबांना राग नव्हता आला. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मंग सांग, कुठून सुरू करू?"

पुढचे दोन महिने आम्ही तिघं याच खोलीत होतो. वस्तू बाराव्या हिश्शानं लहान करता येते, पण तिचा वापर तसा लहान करता येत नाही. तो वेगळा घडवावा लागतो. लहान कलाकृती करणाऱ्यांचं काम बहुधा इथे अडतं, असं मला आता वाटतं. आपण नवी कोरी वस्तू करतो आणि थांबतो.

पहिला प्रश्न आत्याचाच. कोणतं साल? बल्ब लावायचा की कंदील? कोनाड्यात चिमणी ठेवायची की भिंतीवर बटण? भावाबहिणीचं तीन दिवस जमेना. शेवटी आत्या म्हणाली, माझ्या लग्नाच्या आधीचा श्रावण, पोळ्याच्या आदल्या दिवसाचा. पाचही भावंडं घरात होती तो शेवटचा पोळा. मोठेबाबा हो म्हणाले, आणि साल ठरल्याबरोबर घरातून सामान बाहेर निघायला लागलं.

आधी कापूस गेला. मोठेबाबांनी एक अख्खी खोली पांढऱ्याशुभ्र कापसानं भरली होती. आर्वीकडचं घर म्हटल्यावर कापूस हवाच. आत्यानं दारातूनच विचारलं, "श्रावणात कापूस कुठून आला?" खरंच होतं. मृगात पेरलेली कपाशी श्रावणात पात्या-फुलावर असते, वेचणीचे दिवस दसऱ्या-दिवाळीला येतात. मागच्या वर्षीचा कापूस तर केव्हाच विकला गेलेला. खोली रिकामी झाली. तिथे आता एक सूप आहे, दोन रिकामे बारदाने आहेत आणि कोपऱ्यात तुराट्यांचा झाडू.

मग ज्वारीची कोठी. ज्वारीचा दाणा चार मिलिमीटरचा धरला, तर या घरात तो एक मिलिमीटरचा तिसरा हिस्सा व्हायला हवा. खसखससुद्धा मोठी पडते. मोठेबाबांनी वर्धा नदीची रेती तीन कापडांतून चाळली होती आणि कोठी काठोकाठ भरली होती. आत्यानं ती चमच्या-चमच्यानं उपसली. श्रावणात घरातली ज्वारी तळाला गेलेली असायची. माय कोठीत वाकून, अर्धी आत जाऊन, टोपल्यानं खरडून काढायची. कोठीच्या तोंडाची कड त्या वाकण्यानं गुळगुळीत झाली होती. ती कड आत्यानं अंगठ्यानं घासली, रोज थोडी, पंधरा दिवस.

[दृश्य : सपरीतला खांब, अगदी जवळून.]

आता हा खांब पाहा. खालून चार इंचांवर एक चकचकीत पट्टा आहे. येणारा-जाणारा मोठा माणूस तिथे हात टेकायचा. दुसरा पट्टा आहे दोन इंचांवर. तो आमच्या वडिलांचा आणि त्यांच्या भावंडांचा. खांबाला धरून गोल गोल फिरायचा. रंग नाही, पॉलिश नाही. खोबरेल तेलाचं बोट आणि आत्याचा अंगठा. उंबरा मधोमध झिजलेला. मयालीवर बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्यांनी पाडलेल्या दोन खाचा. आणि दिव्याच्या कोनाड्यात वरच्या बाजूला काजळीची एक निमुळती जीभ. खरी ज्योत इथे लावता येत नाही, ज्योत बाराव्या हिश्शानं जळत नाही. म्हणून काजळ, आणि तेही करंगळीनं. ब्रशनं काढली की ती रंगवलेली दिसते.

कापडाचंही तसंच. दांडीवरचं लुगडं कितीही पातळ कापडाचं घेतलं तरी पत्र्यासारखं ताठ राहायचं, कारण कापड लहान झालं तरी त्याचा धागा तेवढाच राहतो. शेवटी आजोबांच्या जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या धोतराच्या पट्टीतून लुगडं झालं. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, ओलं असतानाच सुईनं एकेक घडी खाली ओढली.

एका दुपारी मी दोघांना मोबाईलवर फोटो दाखवले. विंडसरच्या राजवाड्यातलं राणी मेरीचं बाहुलीघर. 1921 ते 1924 या काळात झालेलं, नवी दिल्ली उभारणाऱ्या लुटियन्सनंच आखलेलं, नळाला पाणी येणारं, लिफ्ट चालणारं. तेही बारास एक. मोठेबाबा लिफ्टवर खूश. आत्याला आवडल्या शिकागोच्या कलासंग्रहालयातल्या थॉर्न खोल्या, अडुसष्ट छोट्या खोल्या, 1932 ते 1940 मध्ये घडवलेल्या. त्यांत माणूस नाही. कुठे उघडा चष्मा, कुठे अर्धं राहिलेलं काम. आत्यानं फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाली, "बरोबर हाय. बाहुल्या नोको ठेवू, भाऊ. आत्ताच उठून गेले, असं वाटलं पायजे."

म्हणून या घरात कुणी नाही. पाट्यावर वरवंटा तिरपा आहे, त्याच्याखाली मिरचीचा लाल ठिपका. ताटात अर्धी भाकर. गोठ्यात गवळाऊ बैलांची पांढरी जोडी उभी आहे, खांद्यावर हळद आणि तूप लागलेलं, कारण आज खांदशेकणी, उद्या पोळा. दावणीजवळ पळसाचं पान पडलंय. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणून बैलांना सांगून झालेलं.

आणि सपरीच्या पायरीवर परवाच्या तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी. खरा नंदी सहा इंचांचा होता, मोठेबाबांच्या लहानपणीचा. तो घेऊन दारोदार बोजारा (खाऊ, पैसे) मागत फिरायचे. हा चार सुतांचा. त्याची चाकं करायला त्यांचे हात आता तेवढे स्थिर नाहीत. आत्यानं मिसळणाच्या डब्यातून मोहरीचे चार दाणे काढून दिले. धान्य म्हणून मोहरी फार मोठी होती. चाक म्हणून तंतोतंत बसली.

[दृश्य : पोळ्याची सकाळ. बाहेर पाऊस नुकताच थांबलेला. गल्लीतून घुंगरांचा आवाज.]

आज चित्रीकरणाचा शेवटचा दिवस. मी दिवे लावले, कॅमेरा लावला. आत्या हात धुऊन आली आणि घरासमोर वाकून उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"काय राह्यलं?" मोठेबाबांनी विचारलं.

"माजघर लय कोरडं हाय."

मोठेबाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग उठले, कपाटातून चिमटा काढला आणि तिच्या हातात दिला. कुठलं ते तिला सांगावं लागलं नाही. माजघरावरच्या उतारात, आढ्यापासून तिसऱ्या ओळीत तिनं चिमट्यानं एक कवेलू धरलं आणि अर्धं सूत खाली सरकवलं. दरसाल फेरूनही तिथेच गळायचं.

मोठेबाबांनी उतरंडीजवळचा पाण्याचा पितळी गुंड उचलला, माजघराच्या मधोमध ठेवला, वाकून वर पाहिलं आणि बोटानं जरासा डावीकडे सरकवला.