हाइंडहेड ते थर्सली: वाळूवरचा माळ, पाण्यावरची फळी

(दृश्य: उंचावरून दिसणारी खोलगट दरी. काठावर जांभळा माळ, तळाशी दाट झाडी.)

इंग्लंडच्या सरे काउंटीतली ही दरी. नाव डेव्हिल्स पंच बोल. सैतानाने ओंजळभर माती उचलली आणि हा खड्डा पडला, अशी गोष्ट इथे सांगतात. खरी करामत पाण्याची आहे. वरचा वाळूचा खडक सच्छिद्र. पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थराशी अडतो आणि झरे होऊन बाहेर पडतो. झरे पायथा पोखरतात, वरचा खडक ढासळतो. हजारो वर्षं हे चालू राहिलं आणि दरी रुंदावत गेली.

आज आपण या पाण्याच्याच दिशेने, उत्तरेकडे उतरणार आहोत, थेट थर्सलीच्या दलदलीपर्यंत. अंतर फार नाही. थांबत, रेंगाळत गेलं तरी अर्ध्या दिवसाची वाट.

(दृश्य: काठावरची रुंद पायवाट. दोन माणसं आणि एक कुत्रा चालत येतात.)

ही वाट नीट बघून घ्या. लंडनहून पोर्ट्समथला जाणारा ए-थ्री महामार्ग २०११पर्यंत इथून, दरीच्या काठावरून जायचा. काठाजवळच्या हाइंडहेड गावाच्या चौकात सिग्नलला गाड्या तुंबायच्या. मग टेकडीच्या पोटातून सुमारे १.८ किलोमीटरचा बोगदा काढला, वाहतूक त्यात गेली. जुना रस्ता उखडला, त्यावर माती पसरली आणि माळाला त्याची जागा परत दिली. पायवाटेचा रस्ता होताना आपण सगळ्यांनीच पाहिलंय. रस्त्याची पायवाट झालेली बघायची असेल, तर इथे यावं.

याहून जुना घोडागाड्यांचा रस्ता थोडा वरून जातो. त्याच्या कडेला एक दगड उभा आहे. सप्टेंबर १७८६मध्ये एक खलाशी लंडनहून पोर्ट्समथला, आपल्या जहाजाकडे पायी निघाला होता. वाटेत तिघे भेटले. त्याने त्यांना स्वतःच्या पैशाने खाऊपिऊ घातलं, आणि त्यांनी त्याला याच जागी मारून लुटलं. तिघेही पकडले गेले. १७८७मध्ये त्यांना जवळच्या गिबेट हिलवर फाशी दिलं. खलाशाचं नाव मात्र कुणालाच कळलं नाही. थर्सलीच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. गावकऱ्यांनी त्या अनोळखी माणसासाठी कोरीव दगड उभारला, आणि त्यावर हत्येचा प्रसंगच कोरून ठेवला आहे.

(दृश्य: गिबेट हिल, २७२ मीटर. वारा. क्षितिजापर्यंत झाडी.)

आता माळाकडे वळू. इंग्रज याला हीथ म्हणतात. रेताड जमीन, गुडघाभर हीदरची झुडपं, मधूनमधून काटेरी गॉर्स. गॉर्सच्या पिवळ्या फुलांना ऊन लागलं की चक्क खोबऱ्याचा वास येतो. पहिल्यांदा येणारा मराठी माणूस हमखास इकडेतिकडे बघतो.

हे सगळं रानटी वाटतं, पण ते माणसाने केलेलं आहे. मुख्यतः ब्राँझयुगापासून लोकांनी इथलं जंगल तोडलं. उघड्या वाळूतला कस पावसाने धुऊन नेला. पुढे शतकानुशतकं आसपासच्या गरीब शेतकऱ्यांनी इथे गुरं चारली, जळणासाठी मातीची ढेपळं कापली, भट्टीसाठी गॉर्स नेलं, गोठ्यात अंथरायला नेचा नेला. जमिनीतून सतत काहीतरी उचललंच जात होतं, म्हणून ती निकस राहिली. आणि हीदरला निकसच जमीन मानवते. पुढे घरोघरी कोळसा आला, शेतात खतं आली, माळाची गरज संपली. कुठे नांगर फिरला, कुठे घरं उठली, आणि उरलेल्या जागी बर्च आणि पाइनची झाडं माजली. १८००पासून इंग्लंडने आपल्या सखल भागातल्या हीथपैकी चार-पंचमांशांहून जास्त गमावला.

म्हणूनच इथे निसर्गप्रेमी हातात करवत घेऊन झाडं तोडताना दिसतात. आपल्याकडे असं कुणी केलं तर वर्तमानपत्रात फोटो येईल! पण झाडं वाढू दिली, तर रातवा आणि डार्टफर्ड वटवट्या हे पक्षी, वाळूत अंडी घालणारे सरडे, सगळ्यांचं घर जातं. हा वटवट्या इंग्लंडमध्ये बाराही महिने राहतो. १९६२-६३च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर त्याच्या साऱ्या देशात जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या. आता तो बराच सावरलाय.

(दृश्य: लाकडी खांब, त्यावर पिवळा बाण.)

पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर घोडा आणि सायकलही चालते. २०००च्या कायद्याने नकाशावर नोंदलेल्या मोकळ्या माळांवर आणि सामाईक जमिनींवर वाट सोडूनही पायी फिरायचा हक्क दिला. हा हक्क अलगद मिळालेला नाही, त्यामागे दीडशे वर्षांची भांडणं आहेत. सामाईक जमिनींसाठी कोर्टात लढलेले वकील रॉबर्ट हंटर शेजारच्या हॅझलमियरमध्ये राहत. १८९५मध्ये नॅशनल ट्रस्ट ही निसर्गस्थळं आणि जुन्या वास्तू जपणारी संस्था स्थापन करणाऱ्या तिघांपैकी ते एक. हाइंडहेडचा हा माळ १९०६पासून ट्रस्टकडे आहे.

हक्काबरोबर अटही आहे. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरहून लांब दोरीवर सोडायचा नाही. कारण रातवा घरटं बांधत नाही. आफ्रिकेतून येतो आणि उघड्या जमिनीवर अंडी घालतो.

(दृश्य: उतार संपतो. सपाट ओला प्रदेश. लांबच लांब फळ्यांची वाट.)

आपण थर्सलीला पोहोचलो. दलदल जवळ आली हे पायांच्या आधी फुलं सांगतात. कोरड्या वाळूवर बेल हीदर असतं, गडद जांभळं. मग एके ठिकाणी फुलं फिकट गुलाबी होतात, दांडीच्या टोकाला झुपका करून बसतात, आणि पानं चार-चार, क्रूसासारखी लागतात. हे दुसऱ्या जातीचं हीदर. ते दिसलं की समजावं, पुढचं पाऊल ओलं.

(दृश्य: अगदी जवळून. हिरवट-लाल शेवाळाची गादी.)

फळीवर पोटावर पडून बघावं असं हे जग आहे. हे स्फॅग्नम शेवाळ. आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवतं. पहिल्या महायुद्धात ते वाळवून जखमांवर बांधत. इथलं पाणी आम्लधर्मी, त्यात मेलेलं शेवाळ नीट कुजत नाही. थरावर थर साचून पीट तयार होतं, वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर.

आणि हे त्याच शेवाळातून वर आलेलं नखाएवढं लाल पान. कडेच्या प्रत्येक केसावर चिकट थेंब. एक चिलट बसलं, पाय अडकला, सोडवायला दुसरा टेकवला, तोही अडकला. आता केस हळूहळू आत वळतील. कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती पाहिली असेल, तर ओळख पटेल. ही त्याच ड्रॉसेरा वंशातली. जमिनीत नायट्रोजन फारच कमी, तो इथे किडे मारून मिळवायचा, हा हिशेबही दोन्हीकडे एकच.

डबक्यांवर चतुर आणि टाचण्या, मिळून वीसहून जास्त जाती. त्यांच्यावर हॉबी नावाचा छोटा ससाणा टपलेला असतो. उडता उडताच चतुर पकडतो, पंख खुडतो, खातो.

(दृश्य: काळे पडलेले पाइनचे बुंधे.)

मे २०२० इंग्लंडमधला नोंदीतला सर्वांत कोरडा मे होता. महिन्याच्या अखेरीस थर्सलीला आग लागली. सुमारे १५० हेक्टर माळ जळाला, फळ्यांच्या वाटेचा मोठा भाग जळाला. पीट आतल्या आत धुमसत राहतं, त्यामुळे ज्वाळा विझल्यावरही अग्निशमन दलाला कित्येक दिवस हलता आलं नाही. वाट पुन्हा बांधली. माळही हिरवा झाला, पण जळक्या जमिनीवर गवत आणि बर्च आधी पुढे सरसावतात, हीदरला वेळ लागतो. म्हणून बर्चची रोपं उपटायचं काम वाढतं.

(दृश्य: संध्याकाळ. फळीवर बसलेले दोघे घड्याळ बघतात.)

यायचं कधी? जांभळा माळ हवा असेल तर ऑगस्ट. मी जून म्हणेन. दुपारी चतुर, रात्री रातवा. त्याची न थांबणारी घरघर ऐकायची तर सूर्यास्तानंतर थांबायला हवं, आणि जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. खेड्यातल्या बस तेवढ्या उशिरापर्यंत नसतात, तेव्हा परतीची सोय आधी करून ठेवा. जाड मोजे घाला. आणि चहा थर्मासमध्ये आणा, इथे स्टोव्ह पेटवायला बंदी आहे.