शिक्का बसतो आणि मजकूर जातो

(गोव्यातील डिचोली तालुक्यातील पंचायत सचिव आणि सरकारी कार्यालयांतील कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सरकारी वेबसाइट दिव्यांगांना वापरता येत नाही म्हटलं की आपण लगेच कंत्राटदाराकडे बोट दाखवतो. त्याच्याकडे येतोच मी. पण आधी बोलायचंय ते आपल्या टेबलावरच्या स्कॅनरबद्दल.

एखादं परिपत्रक कसं निघतं ते बघा. कारकून ते कॉम्प्युटरवर टाइप करतो. इथवर सगळं ठीक, कारण तो मजकूर आहे आणि अंध माणसाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो घडाघडा वाचेल. मग प्रिंट निघते, साहेबांची सही होते, गोल शिक्का बसतो, जावक क्रमांक पडतो आणि तोच कागद स्कॅन होऊन पीडीएफ म्हणून वर चढतो. आता तो कागदाचा फोटो झाला. डोळस माणसाला फरक कळतसुद्धा नाही. अंध माणूस फाइल उघडतो, तर त्याच्या कानात ‘रिकामं पान’ एवढंच पडतं.

कुणी म्हणेल, हल्ली फोन फोटोतली अक्षरंही वाचतो. वाचतो ना. पण तिरकं स्कॅन, देवनागरीतली जोडाक्षरं, आणि शिक्का तर नेमका तारखेवरच बसलेला! जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर ११२/३ ऐवजी १२/३ असा वाचला गेला, तर माणूस भलत्याच्याच भाटात, म्हणजे बागायतीत, जाऊन पोचेल. तक्त्यांची गत त्याहून वाईट. नाव एका ओळीतलं, रक्कम दुसऱ्या.

मराठी-कोकणी मजकुरात आणखी एक गोम आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला संकेतांक देणारी पद्धत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेलं पडद्यावर देवनागरी दिसतं, पण आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर ती जशीच्या तशी वाचतो. ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही आणि शोधणाऱ्यालाही काही सापडत नाही. तेव्हा युनिकोडमध्येच टाइप करा आणि वर्डमधून थेट पीडीएफ काढा. सही हवीच असेल तर डिजिटल सही करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच तिला मान्यता दिली आहे. तेही जमत नसेल, तर स्कॅनसोबत मजकुराची फाइलही चढवा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता कंत्राटदार. त्याचं बिल पास करण्याआधी माउस बाजूला ठेवा आणि नुसती टॅबची कळ दाबत एखादा अर्ज भरून बघा. कर्सर कुठे आहे ते दिसतं का? ‘सादर करा’पर्यंत पोचता येतं का? मग एनव्हीडीए नावाचा फुकट स्क्रीन रीडर लावा आणि डोळे मिटून ऐका. ‘लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा.’ कशासाठी क्लिक करायचं, ते कुणीच सांगत नाही. पुढे रकाना येतो, पण त्यात नाव लिहायचं की आधार क्रमांक, तेही कळत नाही, कारण रकान्याला लेबलच जोडलेलं नसतं. शेवटी येतो कॅप्चा, वाकड्यातिकड्या अक्षरांचा, आणि त्याला आवाजाचा पर्याय नसतो. मंत्र्यांच्या उद्‌घाटनांचे सरकते फोटो तेवढे अंध माणसाला बघावे लागत नाहीत, ती एक सोय म्हणायची.

वर कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची तीन बटणं असतात. ती बसवली की काम झालं असं कित्येकांना वाटतं. फिक्या करड्या अक्षरांना त्यांचा काय उपयोग? साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा. मोतीबिंदू झालेल्या आजीलाही तेच लागतं.

हे सगळं ऐच्छिक आहे असं समजू नका. सरकारी वेबसाइटसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ४२ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याजोगा, असायलाच हवा. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. त्या प्रकरणात ॲसिड हल्ला झालेल्या व्यक्ती होत्या. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, डोळ्यांची उघडझाप करून दाखवा म्हणतात, ती त्यांना करता येत नव्हती. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३,००० हून अधिक दिव्यांग नोंदले गेले होते. पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरवणाऱ्या राज्याकडून लोक जरा जास्त अपेक्षा ठेवणारच.

मघाशी एका सचिवांनी विचारलं, जुन्या फायलींचा जो ढीग वर चढलाय, त्याचं काय करायचं? सगळा एकदम उपसायला जाऊ नका. दयानंद सामाजिक सुरक्षा, गृह आधार यांसारख्या योजनांच्या अर्जांचे नमुने आणि सूचना आधी घ्या, कारण त्या रोज उघडल्या जातात. ग्रामसभेची जुनी इतिवृत्तं कुणी मागितली की तेव्हा करून द्या. आणि उद्या सकाळी जे पहिलं परिपत्रक तुमच्या टेबलावर येईल, ते स्कॅनरवर ठेवू नका.