कॉलेजच्या त्या बैठकीत गावाचं कोण बसतं?

[हातात दोन पानी कागद]

नमस्कार मंडळी. हा कागद बघा. एका कॉलेजच्या बैठकीचं इतिवृत्त आहे. नाव मी झाकलंय, कारण हे फक्त त्या एका कॉलेजचं दुखणं नाही. विषय क्रमांक सहा वाचते. 'स्थानिक सदस्यांच्या सूचना'. आणि त्याच्यासमोर लिहिलंय, 'निरंक'.

निरंक! कार्यालयीन मराठीतला माझा सगळ्यात लाडका शब्द. 'काहीच नाही' असं लिहायची लाज वाटते ना, तिथे हा कामाला येतो.

आता ही कुठली बैठक, ते सांगते. महाविद्यालय विकास समिती, म्हणजेच सीडीसी. तुम्ही कॉलेजात तीन वर्षं काढली असतील, पाच काढली असतील, हे नाव कधी कानावर पडलं होतं का? माझ्या नव्हतं पडलं. पण ऑफिसातल्या जुन्या क्लार्कला विचारा, तो म्हणेल, "अहो, म्हणजे एलएमसी." कारण १९९४च्या विद्यापीठ कायद्यात स्थानिक व्यवस्थापन समिती होती. तो कायदा गेला, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ आला, १ मार्च २०१७ पासून लागू झाला, आणि एलएमसीच्या जागी सीडीसी बसली. मुंबई विद्यापीठापासून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठापर्यंत, त्यांना संलग्न असलेल्या कॉलेजांना हाच कायदा.

कलम ९७. त्यात कोण कोण बसतं ते बघा, कारण खरी मजा यादीत आहे. संस्थेचे अध्यक्ष, संस्थेचे सचिव, प्राचार्यांनी नेमलेले एक विभागप्रमुख. इथपर्यंत नेहमीचीच मंडळी. पुढे तीन शिक्षक, आणि ते शिक्षकांनी स्वतः निवडून दिलेले, त्यात एक तरी बाई हवी. मग एक शिक्षकेतर कर्मचारी, तोही कर्मचाऱ्यांनीच निवडलेला. मग चार स्थानिक माणसं: शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा अशा क्षेत्रांतली, आणि त्यांतला किमान एक त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी. आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या अंतर्गत कक्षाचे, समन्वयक. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव. आणि प्राचार्य, सदस्य-सचिव म्हणून. झाले पंधरा.

म्हणजे बघा, कागदावर काय सुंदर चित्र आहे! संस्थेचे अध्यक्ष, हजेरीपटवाला क्लार्क, एसवायची एखादी मुलगी आणि गावातला एखादा दूध संघवाला, सगळे एका टेबलाला, एकाच बशीतली बिस्किटं खात. वर्षातून किमान चार वेळा. आणि गप्पा मारायला नाही हं! कॉलेजचा विकास आराखडा, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक, विद्यार्थ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सोयी, सुरक्षितता, लेखापरीक्षणाचे शेरे, हे सगळं त्या टेबलावर यायला हवं.

मग निरंक कसं होतं?

त्यासाठी माझीच एक फजिती सांगते. मी एसवायला होते. रासेयोचं हिवाळी शिबिर. राष्ट्रीय सेवा योजना, एनएसएस हो. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ला सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत, जवळपास ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. आम्ही झेडपीच्या शाळेत सतरंज्या टाकल्या. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान.

आमच्या वाट्याला आला वनराई बंधारा. ज्यांनी बांधलाय त्यांच्या हाताला अजून आठवत असेल. सिमेंटची रिकामी पोती घ्यायची, त्यात वाळू-माती भरायची. पण गच्च नाही! गच्च भरलेलं पोतं गोल होतं, दुसऱ्यावर बसत नाही. थोडी जागा सोडायची, तोंड दाभणाने सुतळी ओवून शिवायचं, आणि विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवत थर लावायचे. फटीत चिखल. दोन दिवसांत तळहाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी भिंत उभी राहिली. लगेच मागे बॅनर, पुढे आम्ही, फोटो.

तेवढ्यात एक आजी शेळ्या घेऊन आल्या. थांबल्या. बंधाऱ्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "पोरींनो, हितं काय अडवताय? दिवाळी झाली की ह्यो वढा कोरडा. पाणी त्या तिकडच्या वढ्याला अस्तंय, आंब्याच्या अंगाला."

तिकडच्या ओढ्याला खरंच पाणी होतं. संध्याकाळी आम्ही दोघी-तिघी जाऊन बघून आलो. घोट्याएवढं का होईना, वाहत होतं. मग आमची जागा ठरवली कुणी? आमच्या सरांनी, फोनवरून. टेम्पो जिथपर्यंत जातो ती जागा. सर वाईट नव्हते, बिचारे रात्री आमच्यासाठी भाकरीच्या पिठाची जुळवाजुळव करत होते. पण त्या गावातल्या कुणाला विचारायचं, आणि नेमकं कुठे विचारायचं, अशी जागाच कॉलेजकडे नव्हती. म्हणजे होती! ते चार स्थानिक सदस्य. त्यांतलं त्या बाजूचं एक जरी माणूस शिबिराच्या आधी टेबलावर असतं, तर आमचे फोड तरी सत्कारणी लागले असते.

आणि इथेच गाडी अडते. ते चार सदस्य नेमतं कोण? संस्थेचं व्यवस्थापन, प्राचार्यांशी बोलून. शिक्षक निवडून येतात, कर्मचारी निवडून येतो, गाव मात्र नेमलं जातं. मग अध्यक्षांचे स्नेही येतात, गावातले एखादे डॉक्टर येतात, कुणी बिल्डर येतात. भली माणसं असतात, शाल-नारळ घेतात, चहा घेतात, सही करतात. शेळ्यावाल्या आजी त्या यादीत येणार कशा? मला विचाराल तर कायद्यातली सगळ्यात कच्ची शिवण हीच. पोतं इथूनच उसवतं.

विद्यार्थ्यांचं तर विचारूच नका. १९९४च्या कायद्यात वर्गात पहिला आलेला वर्गप्रतिनिधी व्हायचा. म्हणजे ज्याला लायब्ररीतून बाहेर पडायला वेळ नाही, त्याने सगळ्यांची गाऱ्हाणी मांडायची! २०१६च्या कायद्याने निवडणुकीचा रस्ता मोकळा केला, आणि पुन्हा मतपेट्या येणार म्हणून कॉलेजांत चर्चाही रंगली. पण कायद्यात लिहिलं म्हणजे कॉलेजात घडलं असं थोडंच आहे. आणि विद्यार्थी परिषदच जागेवर नसेल, तर सीडीसीतल्या दोन खुर्च्या आपोआप रिकाम्या. हे गणित कुणी बोलून दाखवत नाही.

[कागद बाजूला ठेवून]

हे झालं कॉलेजचं. आता विद्यापीठाच्या पातळीवर या. तिथे अधिसभा, आपण सिनेट म्हणतो ती. तिच्यात प्राचार्यांचे १० प्रतिनिधी, शिक्षकांचे १०, संस्थाचालकांचे ६, आणि नोंदणीकृत पदवीधरांचे १०. पदवीधर म्हणजे तुम्ही, मी, शेजारचे काका, ज्यांच्याकडे पदवी आहे ते सगळे. म्हणजे सगळे नाहीत. 'नोंदणीकृत' हा शब्द मध्ये उभा आहे ना! पदवी भिंतीवर लावून भागत नाही, मतदार म्हणून वेगळा अर्ज भरावा लागतो.

मुंबई विद्यापीठाचं उदाहरण घ्या. १८५७चं विद्यापीठ. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सात जिल्हे. तारखा पुढे जात जात, प्रकरण हायकोर्टात जाऊन, शेवटी २४ सप्टेंबर २०२४ला पदवीधरांच्या १० जागांचं मतदान झालं. यादीत मतदार किती? १३,४०६. सात जिल्ह्यांत! दादरच्या एका मोठ्या सोसायटीच्या भागातसुद्धा ह्याहून जास्त पदवीधर निघतील की काय, असं वाटून जातं. आणि त्यांतल्याही साधारण ५५ टक्क्यांनीच मत दिलं. कोण जिंकलं, कोण हरलं, तो आजचा विषय नाही, तो तुम्ही टीव्हीवर बघितलाच असेल. माझ्या डोक्यात तो आकडा घर करून बसलाय.

म्हणजे लोकांना विद्यापीठाचं काही पडलेलं नाही, असं समजायचं का? छे. मराठवाड्यात जाऊन असं बोलून दाखवा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ला, आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधल्या वर्षांत लोकांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, घरं जळताना बघितली, जीव गेले. त्यांतले कितीतरी जण त्या विद्यापीठाची पायरी चढलेले नव्हते. तरी ते आपलं आहे, असं त्यांना वाटत होतं. एवढी ओढ असलेल्या लोकांसाठी आपण बैठकीत खुर्ची ठेवतो, आणि पुढे 'निरंक' लिहितो.

बरं, तुमच्या कॉलेजात काय चाललंय ते कसं बघायचं? कॉलेजची वेबसाइट उघडा. त्यात नॅकचा किंवा आयक्यूएसीचा टॅब शोधा. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, १९९४ पासूनची, मुख्यालय बंगळूरला. नॅकला पुरावे द्यावे लागतात, म्हणून बरीच कॉलेजं बैठकांची इतिवृत्तं तिथे चढवतात. सोबत फोटोही सापडतील, जिओटॅगवाले, खाली अक्षांश-रेखांश छापलेले. वृक्षारोपणाचा एक फोटो मी बघितला: एक रोप आणि त्याला धरलेले अकरा हात. रोपाचा जीव घाबरला असेल!

इतिवृत्त सापडलं तर तीनच गोष्टी बघा. वर्षात बैठका चार झाल्या का. सह्यांच्या पानावर स्थानिक सदस्यांची आणि विद्यार्थ्यांची सही आहे का. आणि त्यांच्या तोंडचं एखादं वाक्य कुठे नोंदवलंय का. वेबसाइटवर नसेल तर माहितीचा अधिकार आहे: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, साधा अर्ज. अनुदानित कॉलेजला तो चालतो. उत्तराला मुदत ३० दिवस. पण आधी ऑफिसात जाऊन नीट विचारा हो. अर्ज टाकला की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे मी अनुभवाने सांगते.

आणि सगळीकडे निरंकच असतं असंही नाही. माझा एक मावसभाऊ आहे, तालुक्याच्या गावी कॉलेजात वरिष्ठ लिपिक. शिक्षकेतरांनी त्याला सीडीसीवर निवडून दिला. पहिल्या दोन बैठकांत दादा गप्प बसला, साहेबांसमोर काय बोलायचं म्हणून. तिसऱ्या वेळी बोलला. शिष्यवृत्तीची खिडकी दुपारी ३ ते ५ उघडी असायची. महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, अर्ज परत आला, उत्पन्नाचा दाखला चुकला, जातीचा दाखला अपलोड झाला नाही, हे सगळं त्याच खिडकीवर. आणि पलीकडच्या चार वाड्यांची बस सुटते साडेतीनला. मुली ३ वाजता रांगेत लागायच्या, वीस मिनिटं घड्याळ बघायच्या आणि फाइल छातीशी धरून स्टँडकडे पळत सुटायच्या. हे ना प्राचार्यांना दिसत होतं, ना अध्यक्षांना. खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्यालाच दिसत होतं.

अनुमोदन कुणी दिलं? विद्यार्थी परिषदेच्या सचिव मुलीने. ती त्याच बसची. ठराव झाला: शिष्यवृत्ती खिडकीची वेळ सकाळी ११ ते १ करण्यात यावी. सर्वानुमते मंजूर. दादाने त्या पानाची झेरॉक्स मला पाठवली, खाली दोन अंगठ्यांच्या इमोजीसकट.

बस अजून साडेतीनचीच आहे.