तरुण वयातला गर्भाशयाचा कर्करोग : पिशवी ठेवता येते का?

नमस्कार. पिशवी न काढता औषधांनी करायच्या ज्या उपचाराबद्दल आज बोलायचं आहे, तो थोड्याच स्त्रियांना लागू पडतो. पण ज्यांना लागू पडतो, त्यांच्यापैकी कितीतरी जणींना असा पर्याय होता हे ऑपरेशन होऊन गेल्यावर कळतं. म्हणून हा विषय निवडला.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग हा मुख्यतः पाळी गेल्यानंतरचा आजार. चाळिशीच्या आतल्या रुग्ण साधारण ५ टक्के किंवा त्याहून कमीच. त्यांच्याशी बोलायला बसलं की पुष्कळदा तीच हकिगत ऐकायला मिळते : पीसीओडी, वाढलेलं वजन, तीन-तीन महिने पाळीच नाही आणि आली की थांबत नाही. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं. बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन तयार होतं, ते या वाढीला लगाम घालतं आणि मग पाळीत अस्तर गळून जातं. बीजच बाहेर पडत नसेल तर प्रोजेस्टेरॉन येणार कुठून? त्यात शरीरातली चरबीही इस्ट्रोजेन बनवत असते. रोज खत पडतंय आणि कापणी होतच नाही, अशी त्या अस्तराची वर्षानुवर्षं अवस्था असते.

या मुलींना घरी काय सांगतात? लग्न झालं की पाळी होईल सुरळीत. दवाखान्यात रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या मिळतात, त्या संपल्या की पुन्हा तेच. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवावा हे कुणाच्या मनातच येत नाही, कारण मुलगी तरुण असते, बहुतेक वेळा अविवाहित असते. माझं म्हणणं स्पष्ट आहे. वजन जास्त आहे, पाळी कित्येक वर्षं अनियमित आहे आणि गोळ्यांनी रक्तस्राव आटोक्यात येत नाही, तर वय आणि लग्न बाजूला ठेवा आणि तुकडा तपासा.

समजा रिपोर्ट आला : एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, ग्रेड १. म्हणजे अस्तराच्या कर्करोगाचा नेहमी आढळणारा प्रकार, आणि त्यातला सगळ्यात संथ. आई लगेच विचारते, ‘डॉक्टर, पिशवी काढली की बरी होईल ना?’ खरं उत्तर ‘हो’ असंच आहे. एवढ्या लवकर सापडलेला आजार ऑपरेशनने बहुतेक सगळ्या जणींचा बरा होतो आणि आजही प्रमाण उपचार तोच आहे. फक्त त्या खोलीत मुलगी अजून एक शब्दही बोललेली नसते. आपल्याकडे पिशवी काढणं ही सहज करायची गोष्ट होऊन बसली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या ऑपरेशनांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. गरज नसताना जिथे पिशव्या काढल्या जातात, तिथे गरज असताना ‘थोडं थांबता येईल का’ हा प्रश्न सुचणार कुणाला?

थांबता येतं, पण अटी कडक आहेत. आजार ग्रेड १ चाच हवा आणि फक्त अस्तरात हवा. एमआरआयमध्ये तो गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेला दिसता कामा नये. बीजाशयं स्वच्छ हवीत, कारण तरुण वयात तिथेही एकाच वेळी गाठ सापडू शकते. आणि रिपोर्टच्या कागदावर विसंबू नका. लॅबमधून ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याच्या कापाची काच) मागून घ्या आणि या आजारातल्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टना दाखवा. ग्रेड १ आणि ग्रेड २ मधला फरक त्या काचेवर ठरतो, आणि तिथे चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं. त्याच ब्लॉकवर पी५३ (आजार आक्रमक जातीचा आहे का ते सांगणारी) आणि एमएमआर (पेशीतल्या डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची) या तपासण्या करून घ्याव्यात. एमएमआरमध्ये दोष निघाला तर लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात चालत आलेला धोका, तपासावा लागतो.

उपचार म्हणजे मोठ्या मात्रेत प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं. मेजेस्ट्रॉल दिवसाला १६० ते ३२० मिलिग्रॅम किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ४०० ते ६०० मिलिग्रॅम. नाहीतर कॉपर-टीसारखीच गर्भाशयात बसवायची, पण तांब्याऐवजी हार्मोन सोडणारी टी, जिला सगळे मिरेना म्हणतात. अनेक ठिकाणी आधी दुर्बिणीतून दिसणारा आजार खरवडून काढतात आणि मग औषध सुरू करतात. गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो. वजनामुळे आलेल्या आजारावर वजन वाढवणारं औषध द्यावं लागतं, म्हणून आहारतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत हवेत.

दर तीन ते सहा महिन्यांनी दुर्बीण घालून पुन्हा तुकडा घ्यायचा. सोनोग्राफी चांगली आली म्हणून तो टाळता येत नाही. वर्षभर उपचार करूनही आजार गेला नाही तर ऑपरेशन.

आता आकडे. २०१२ मध्ये ३४ अभ्यास एकत्र करून मांडणी झाली, त्यात हा कर्करोग असलेल्या ४०८ स्त्रिया होत्या. सुमारे ७६ टक्के जणींचा आजार नाहीसा झाला. सुमारे ४१ टक्के जणींना तो परत आला. मूल झालं २८ टक्के जणींना. हे तिन्ही आकडे मुलीला एका बैठकीत सांगितले पाहिजेत. नुसता पहिला सांगणं ही फसवणूक आहे आणि नुसता दुसरा सांगून घाबरवणं हीसुद्धा फसवणूकच.

आजार परत येतो, म्हणून तुकडा स्वच्छ आला की वेळ घालवायचा नाही. वंध्यत्वाच्या डॉक्टरांना उपचार सुरू होण्याआधीच भेटावं. त्याच मांडणीत आयव्हीएफसारखी मदत घेतलेल्यांत मूल होण्याचं प्रमाण ३९ टक्के होतं, न घेतलेल्यांत १५. मूल लगेच नको असेल तर प्रोजेस्टेरॉन चालूच ठेवावं लागतं. बाळंतपणं झाली की पिशवी काढावी असाच सल्ला आहे, आणि तो पहिल्या भेटीतच सांगायचा.

आणि औषध लागू पडलंच नाही तर? तरुण मुलीत आजार लवकरचा असेल आणि घराण्यात धोका नसेल, तर पिशवी काढतानाही बीजाशयं ठेवण्याचा विचार करता येतो. २०२२ च्या सरोगसी नियमांत, कर्करोगासारख्या कारणाने गर्भाशय काढलेलं असणं हे सरोगसीसाठी मान्य कारण आहे. पण तो कायदा विवाहित जोडप्यांना आणि ३५ ते ४५ वर्षांच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रियांनाच परवानगी देतो. अविवाहित मुलगी आपली बीजं गोठवून ठेवू शकते, पण लग्न न करता सरोगसीचा मार्ग तिला आज बंद आहे. सही करण्याआधी हेही तिला माहीत असायला हवं, आणि सांगायचं काम आम्हा डॉक्टरांचं आहे.