पटरचे माप आणि पटिंगचा सराव

गोल्फच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेपाच सेंटिमीटरही नाहीत. तीन मीटरवरून पट करताना, म्हणजे चेंडू होलकडे जमिनीवरून लोळवताना, पटरचा (त्यासाठीच्या काठीचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, एका अंशाने जरी वळलेला राहिला, तरी चेंडू होलपाशी पोहोचेपर्यंत सुमारे पाच सेंटिमीटर बाजूला सरकलेला असतो. इतका बारीक फरक उभ्या माणसाच्या नजरेत येत नाही. म्हणून पटर अंगाला बसणारा असावा लागतो.

दुकानांत साधारणपणे ३३ ते ३५ इंच लांबीचे पटर मिळतात आणि उंच माणसाला सरसकट लांब पटर दिला जातो. हा हिशेब अपुरा आहे, कारण कमरेतला वाक आणि हातांची लांबी यांवरही माप ठरते. खेळाडूने नेहमीसारखे वाकून हात सैल सोडावेत. तळवे जिथे येऊन थांबतात, तिथे ग्रिप, म्हणजे पटरची मूठ, आली पाहिजे. मग दोन्ही डोळ्यांच्या मधून एक चेंडू खाली सोडून पाहावा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा किंचित पायांच्या बाजूला पडला, तर उभे राहणे ठीक आहे. पटर फार लांब असेल, तर खेळाडू चेंडूपासून दूर सरकतो आणि रेषा त्याला तिरकी दिसू लागते. लांबीला नियमांत कमाल मर्यादा नाही. मात्र १ जानेवारी २०१६ पासून ग्रिप शरीराला टेकवून फटका मारण्यास मनाई आहे.

पटर जमिनीवर ठेवल्यावर त्याच्या डोक्याच्या पुढच्या टोकाखाली नाणे सहज सरकत असेल, तर शाफ्टचा, म्हणजे दांड्याचा, कोन त्या खेळाडूसाठी जास्त उभा आहे. लॉफ्टचे, म्हणजे फेस मागे झुकलेला असतो त्या कोनाचे, काम याहून नाजूक असते. चेंडू स्वतःच्या वजनाने गवतात किंचित रुतलेला असतो आणि तीन-चार अंशांचा लॉफ्ट त्याला त्या खळग्यातून अलगद बाहेर काढतो. त्यानंतर तो थोडा घसरतो आणि मगच लोळू लागतो. हात फार पुढे झुकवणाऱ्याच्या हाती हा लॉफ्ट जवळजवळ संपतो आणि चेंडू सुरुवातीलाच उसळतो. अशा खेळाडूला थोडा जास्त लॉफ्ट देणे, हे त्याची वर्षांची सवय मोडण्यापेक्षा शहाणपणाचे.

सरावात दिशा आणि वेग वेगवेगळे हाताळावेत. दिशेसाठी सपाट जागी, होलपासून मीटरभर अंतरावर, पटरच्या डोक्यापेक्षा किंचित रुंद फट ठेवून दोन टी (चेंडू ठेवण्याच्या लहान खुंट्या) रोवाव्यात आणि पटर त्यांना न लावता त्यामधून न्यावा. वेगासाठी मात्र एकच चेंडू घ्यावा आणि प्रत्येक वेळी अंतर बदलावे. एकाच जागेवरून तीन चेंडू मारण्याची पद्धत फार रूढ आहे, पण तिसरा चेंडू होलमध्ये पडतो तो पहिल्या दोहोंच्या जिवावर, आणि सामन्यात ते दोन कुणी देत नाही.

लांबचे पट सतत अलीकडेच थांबत असतील, तर जड पटर घेण्याआधी चेंडूच्या मागच्या बाजूला खडू फासावा आणि फटक्यानंतर फेसवरचा ठसा पाहावा. तो टोकाकडे उमटत असेल, तर पटरचे डोके फटक्यात वळते आणि जोर वाया जातो. तेव्हा वजनाआधी उभे राहण्याचे अंतर तपासावे.