माई, बेबी आणि ‘रक्तातच आहे’

नमस्कार श्रोतेहो. कुणी सदा हसतमुख, कुणी जरा उदास, कुणी चटकन चिडणारं. यातलं आईबापांकडून किती येतं, हा आजचा विषय. पण आधी माझ्या दोन मावश्यांची गोष्ट सांगतो. दोघींची परवानगी घेतली आहे.

माई आणि बेबी. जुळ्या. इतक्या सारख्या, की आजोबा हाक मारताना दोन्ही नावं एकदम घ्यायचे, जी येईल ती. हसणं तेच, पदर खोचायची तऱ्हा तीच. माई लग्न होऊन चिपळूणला गेली, बेबी सोलापूरला.

माईचे यजमान गेले तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती. सगळ्यांना वाटलं, दुःख आहे, ओसरेल. ओसरलं नाही. पहाटे तीनला तिला जाग यायची आणि उजाडेपर्यंत ती आढ्याकडे बघत पडून राहायची. आमटीत मीठ घालायचं विसरायची आणि तशीच जेवायची, कारण तिला चवच लागत नव्हती. घरातले म्हणायचे, “हिच्या आजीचंही असंच होतं. रक्तातच आहे त्यांच्या.” एकदा हे म्हणून झालं की पुढे कुणी काही करायचं नाही. अशी दोन वर्षं गेली. दोन वर्षं!

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बेबी आली. माई स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, पुढ्यात चहाचा कप, चहावर साय धरलेली. बेबीने तो ओतून टाकला, नवा चहा करून दिला. तासाभराने येऊन बघते, तर त्याच्यावरही साय. बेबी मावशी अजून सांगते, “पहिल्या सायीचं काही वाटलं नाही रे. दुसरी बघितली आणि पोटात गोळा आला.” दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती बहिणीला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का? बेबीने आजीचं सांगितलं. मग म्हणाली, “पण डॉक्टर, आम्ही जुळ्या. जे हिच्या रक्तात तेच माझ्या. मग मला का नाही झालं?”

डॉक्टर म्हणाले, “यांच्यावर जी वेळ आली ती तुमच्यावर आली नाही, हे एक कारण असेल. सगळी कारणं मलाही सांगता येणार नाहीत. पण तुम्हाला कधी असं वाटलं, तर तुम्ही दोन वर्षं थांबू नका.”

गोळ्या लागू पडायला तीनेक आठवडे गेले. बेबी तोवर तिथेच राहिली. चौथ्या आठवड्यात माई म्हणाली, “आमटीत मीठ कमी पडलंय.” बेबी पातेल्यापाशी उभी राहून रडली.

आता बेबी मावशीच्या प्रश्नाकडे येऊ, कारण शास्त्रज्ञही जुळ्यांकडे तोच प्रश्न घेऊन गेले. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी असतात. तरीही एकीला नैराश्य आलं म्हणून दुसरीला येतंच असं नाही. २००० साली अशा अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. माणसामाणसांत नैराश्याच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ३७ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. एकाच माणसाच्या आजाराचे असे भाग पाडता येत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा. रक्तातून कल येतो. पुन्हा सांगतो, कल येतो.

आणि हा कल कुठल्या एका जनुकात नसतो. २००३ साली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासातून मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचं नाव खूप गाजलं. पुढे लाखो लोकांची माहिती तपासल्यावर तो दावा टिकला नाही. २०१९ साली आठ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून डीएनएमध्ये नैराश्याशी जोडलेल्या १०२ जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा वाटा अगदी कणभर. म्हणून ‘आनंदाचं जनुक सापडलं’ अशी बातमी वाचलीत तर पान उलटा.

आनंदाचंही असंच. मिनेसोटा विद्यापीठाच्या डेव्हिड लिकेन आणि ऑके टेलेगन यांनी १९९६ साली मांडलं, की समाधानाची जी टिकून राहणारी पातळी असते, तिच्यातला फरक ८० टक्क्यांपर्यंत आनुवंशिक असावा. पैसा, शिक्षण, लग्न यांचा एकेकाचा वाटा जेमतेम ३ टक्के. आनंदी होऊ पाहणं हे उंच होऊ पाहण्याइतकंच व्यर्थ असेल, असंही त्यांनी लिहिलं. पुढे लिकेन यांनी हे वाक्य चुकलं म्हणून मागे घेतलं. छापून आलेलं वाक्य मागे घ्यायला धैर्य लागतं. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो यासाठी.

मला आणखी एक बोलायचं आहे. स्थळ बघताना “घराण्यात कुणाला वेड नाही ना?” असं विचारतात. त्या भीतीने घरं आजार लपवतात आणि उपचार राहून जातात. हे थांबवा. आणि फ्लॅटची दारं दिवसा थोडी उघडी ठेवत जा हो! आमच्या चाळीत कुणाचा चहा निवला तर शेजारणीला कळायचं. कड्या लागल्या आणि ते गेलं.

घरात आधी कुणाला नैराश्य होतं, तर ते डॉक्टरांना सांगा आणि लवकर सांगा. रक्तात आहे, म्हणूनच लवकर. मनाच्या आजारांसाठी फोनवर मदत करणारी सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा.

दोघी मावश्या आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि या घडीला चिपळूणला रेडिओ लावून बसल्या आहेत. माई मावशी, माझं बोलून झालं. चहा घे, निवायच्या आत.