एमजीबीचा एक्झॉस्ट बदलताय? आधी जुना मॅनिफोल्ड नीट बघा

[कॅमेऱ्याकडे बघत]

नमस्कार मंडळी. आजची गाडी एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, म्हणून पार्ट आजही सहज मिळतात. आणि सहज मिळतात म्हणूनच लोक नको ते पार्टही उचलतात. त्यात पहिला नंबर लागतो चकचकीत ट्यूब्युलर मॅनिफोल्डचा. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका गॅस गोळा करून पाइपात सोडणारा भाग, आणि ट्यूब्युलर म्हणजे तो नळ्या वाकवून बनवलेला.

आपलं मत आधीच सांगून टाकतो. इंजिन कंपनीच्या सेटिंगच्या आसपास असेल, म्हणजे १७९८ सीसी आणि दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर, तर बिडाचा मूळ मॅनिफोल्ड काढू नका. पैसे त्याच्या मागच्या पाइपवर आणि सायलेन्सरवर घाला.

[मॅनिफोल्ड टेबलावर]

कारण बघा. या इंजिनाच्या सिलिंडर हेडला एक्झॉस्टची तीनच तोंडं आहेत. मधलं तोंड २ आणि ३ नंबर सिलिंडरला सामाईक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, म्हणजे २ आणि ३ यांच्यात क्रँकचे बरोबर ३६० अंश. १ आणि ४ यांच्यातही तेवढेच. म्हणून मधलं तोंड एका पाइपला आणि बाहेरची दोन दुसऱ्या पाइपला दिली, की दोन्ही पाइपांत गॅसचे धक्के समान अंतराने येतात, एकमेकांना आडवे जात नाहीत. मूळ ओतकाम हेच काम करतं, आणि चांगलं करतं. कॅम बदललाय, हेडचं पोर्टिंग झालंय, म्हणजे आतल्या वाटा घासून मोठ्या केल्यात, इंजिन रोज ५,५०० आरपीएमच्या वर फिरतंय, तर ट्यूब्युलरचा विचार करा.

गाडी अमेरिकेतून आलेली असेल तर मात्र आधी बॉनेट उघडून बघा. १९७५ पासून तिकडच्या गाड्यांना एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आणि इनलेट-एक्झॉस्ट एकाच ओतकामात असा मॅनिफोल्ड होता. त्याला तडे जातात. तिथे बदल करणं शहाणपणाचंच.

ट्यूब्युलर बसवायचाच असेल तर खरी अडचण फ्लँजच्या, म्हणजे हेडला टेकणाऱ्या चपट्या कडेच्या, जाडीची. इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच रांगेतल्या स्टडवर बसतात, आणि जाड वॉशर अर्धा इनलेटवर, अर्धा एक्झॉस्टवर टेकतो. नव्या मॅनिफोल्डची फ्लँज अर्धा मिलिमीटर जरी पातळ असली, तरी वॉशर फक्त इनलेट दाबतो आणि एक्झॉस्ट फुसफुसतो. उलट झालं तर इनलेट हवा ओढतो आणि आयडलिंग बिघडतं. व्हर्नियरने दोन्ही जाड्या मोजा, जाड फ्लँज मिलिंगवर उतरवून घ्या किंवा वॉशरला पायरी काढून घ्या. दोन गॅसकेट एकावर एक लावणं हा उपाय नाही, तो पुढच्या महिन्याचा त्रास आहे.

आणखी एक. कार्ब्युरेटर मॅनिफोल्डच्याच बाजूला आहेत. पातळ ट्यूब उष्णता जास्त फेकतात, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं, गरम गाडी पुन्हा चालू होताना कुरकुरते. कार्ब्युरेटरमागची हीट शील्ड जागेवर हवीच. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा शाफ्टही याच बाजूला येतो, तिथली फट आधी तपासा.

[गाडीखाली]

आता मागचा भाग. गाडी चार जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, यावर चर्चा नाही. डाउनपाइपला, म्हणजे मॅनिफोल्डपासून खाली जाणाऱ्या पाइपला, एकूण सहा नट असतात, एका फ्लँजला तीन. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट हलला नाही तर बळ लावू नका, नट तापवा, थोडा घट्ट करून मग सोडा. स्टड तुटला तर ड्रिल आणि टॅपचं काम निघतं आणि पूर्ण दिवस जातो. परत लावताना नवे पितळी नट वापरा, ते स्टडला चिकटून बसत नाहीत.

पाइप केवढा? मूळचा साधारण पावणेदोन इंच. या इंजिनाला तेवढा पुरतो. दोन इंचाने आवाज वाढतो, गाडीखालची जागा कमी होते, ताकदीत फारशी भर पडत नाही.

स्टेनलेस घेणार असाल तर ३०४ ग्रेड गंजायला चिवट आहे, पण तापल्यावर साध्या स्टीलपेक्षा जास्त वाढतो. ३०० अंशांनी तापला तर दर मीटरला सुमारे ५ मिमी, साधं स्टील साडेतीन. सगळे क्लॅम्प कडक आवळले तर हा ताण फ्लँजच्या वेल्डवर जातो. रबरी हँगर नवे घाला. गिअरबॉक्सजवळचा आधार अजिबात वगळू नका. तो नसला की पाइपचं सगळं ओझं डाउनपाइपवर येतं आणि पाइप फ्लँजपाशी तडकतो.

बसवताना पुढून मागे सगळं सैल जोडा. पाइप फिरवून बॉडी, प्रॉपेलर शाफ्ट आणि हँडब्रेकच्या केबलपासून निदान २० मिमी अंतर ठेवा, इंजिन हाताने हलवून पुन्हा बघा, मगच पुढून मागे आवळत या. मॅनिफोल्डचे नट साधारण २० न्यूटन-मीटर. इंजिन तापून पूर्ण गार झालं की पुन्हा एकदा.

आवाजाचं म्हणाल तर स्टेनलेसचा आवाज थोडा पातळ, पत्र्यासारखा वाजतो. आत काचेची लोकर असलेला सायलेन्सर सुरुवातीला मऊ बोलतो, लोकर जळत गेली की चढत जातो. भारतात असाल तर जास्त आवाजाला मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहे. व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर इंजिनात मोठे बदल चालत नाहीत, तेव्हा काढलेला प्रत्येक मूळ पार्ट जपून ठेवा.

[इंजिन चालू]

शेवटी पेट्रोल आणि हवेचं मिश्रण. इंजिन गरम असताना एसयूची पिन दाबून पिस्टन जेमतेम १ मिमी उचला. वेग क्षणभर वाढून बसला तर ठीक. वाढूनच राहिला तर मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त, जेटचा नट वर घ्या. इंजिन मरायला लागलं तर पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, नट खाली. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा, दोन्ही कार्ब्युरेटरना सारखी.

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर फटफट आवाज येतोय? कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी गार इंजिन चालू करून टेलपाइपवर जाड फडकं दाबा. मॅनिफोल्डपाशी फुसफुस ऐकू आली तर दोष मिश्रणाचा नाही, जोडाचा आहे. जागा सापडत नसेल तर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दाखवतील.